पडताळणी कोणाच्या प्रश्नाची? प्रदूषणमापन साधनांच्या स्वतंत्र चाचणीची चिकित्सा

सारांश

पाण्यातील व हवेतील प्रदूषण मोजणारी नवी, स्वस्त आणि हाताळण्यास सोपी साधने गेल्या तीन दशकांत मोठ्या प्रमाणावर वापरात आली. त्यांच्या उत्पादकांचे दावे त्रयस्थ संस्थेमार्फत तपासून घेण्याची पद्धतही याच काळात रूढ झाली. अमेरिकेतील पर्यावरण तंत्रज्ञान पडताळणी कार्यक्रम आणि बांगलादेशातील आर्सेनिक क्षेत्रचाचणी संच यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे. चाचणी उत्पादकापासून स्वतंत्र असणे आवश्यक आहे. परंतु तेवढ्याने ती वापरणाऱ्याच्या उपयोगाची ठरत नाही. चाचणीने कोणता प्रश्न विचारला, तो कोणत्या मर्यादेवर विचारला आणि चुकांची मोजदाद कशी केली, यांवर तिचे मोल अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वतंत्र पडताळणी, क्षेत्रचाचणी संच, आर्सेनिक, संदर्भ पद्धती, हवा गुणवत्ता संवेदक.

प्रस्तावना

गढूळ पाणी डोळ्यांना दिसते आणि सांडपाण्याचा वास नाकाला कळतो. आर्सेनिकचे तसे नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या तळहातांवर व तळपायांवर खरखरीत गाठी उठतात, त्वचेवर काळे-पांढरे ठिपके पडतात, तेव्हा कुठे दोष उघड होतो. आणि तोवर कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. अशा प्रदूषणाच्या बाबतीत सामान्य माणसाला स्वतःच्या इंद्रियांवर भरवसा ठेवता येत नाही. त्याला साधनाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

साधनाचा शब्द खरा कशावरून, हा प्रश्न येथूनच सुरू होतो. उत्पादकाने आपल्या मालाची ग्वाही देणे स्वाभाविक आहे. पण ती ग्वाही पुरावा ठरू शकत नाही. म्हणून ज्याचा विक्रीशी संबंध नाही अशा त्रयस्थाने साधन तपासावे, ही कल्पना पुढे आली आणि ती योग्यच आहे. तथापि ‘त्रयस्थाने तपासले’ हे वाक्य उच्चारले की पुढचे प्रश्न विचारणे आपण थांबवतो, असे दिसून येते. पडताळणीचा अहवाल हाही एक लिखित दस्तऐवज असतो. त्यालाही लेखक, वाचक, हेतू आणि गृहीतके असतात. कोणत्याही ग्रंथाची चिकित्सा करताना आपण जे प्रश्न विचारतो, ते या अहवालांनाही विचारले पाहिजेत, अशी या लेखाची भूमिका आहे.

पडताळणीची संकल्पना आणि स्वरूप

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९५ मध्ये पर्यावरण तंत्रज्ञान पडताळणी कार्यक्रम सुरू केला. प्रदूषण रोखणारी, प्रदूषित पाणी वा हवा शुद्ध करणारी आणि प्रदूषण मोजणारी अशा विविध प्रकारच्या तंत्रज्ञानांचा त्यात समावेश होता. मापन साधनांच्या चाचणीचे काम बॅटेल या संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले होते. २०१४ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला. परंतु त्याने घालून दिलेली पद्धत इतरत्र रुजली. युरोपीय संघाने २०११ मध्ये याच धर्तीवर प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला आणि २०१६ मध्ये आयएसओ १४०३४ हे या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

या कार्यक्रमाची काही वैशिष्ट्ये येथे नमूद करणे अगत्याचे आहे. चाचणीचा आराखडा आधी लिहून प्रसिद्ध केला जाई. साधनाने दिलेले उत्तर प्रयोगशाळेतील संदर्भ पद्धतीच्या उत्तराशी ताडून पाहिले जाई. साधनाची अचूकता, पुनःपुन्हा मोजल्यास येणाऱ्या उत्तरांतील सुसंगती, इतर पदार्थांच्या उपस्थितीमुळे होणारा अडथळा, वापरण्यातील सुलभता अशा मुद्द्यांची स्वतंत्र नोंद होई. उत्पादक स्वेच्छेने सहभागी होत आणि खर्चाचा वाटाही उचलत. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, पडताळणी म्हणजे मान्यता नव्हे, हे अहवालात स्पष्टपणे लिहिलेले असे. ‘हे साधन चांगले’ किंवा ‘हे साधन त्यापेक्षा सरस’ असे विधान अहवाल करीत नसे. विशिष्ट परिस्थितीत साधन कसे वागले, एवढेच तो सांगे.

हा संयम प्रामाणिकपणाचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा एक परिणाम असा की, निष्कर्ष काढण्याची जबाबदारी पूर्णपणे वाचकावर येते. हा वाचक अभियंता असेल तर प्रश्न नाही. तो एखाद्या जिल्ह्याचा खरेदी अधिकारी असेल, तर तो अहवालातील तक्ते पाहील की फक्त ‘पडताळणी झालेले’ हा शब्द पाहील? मान्यता न देणारा अहवाल बाजारात गेल्यावर मान्यतापत्रासारखाच वापरला जाण्याची शक्यता असते. अहवालातील सावधगिरीची वाक्ये अहवालातच राहतात आणि शिक्का तेवढा पुढे जातो.

बांगलादेश : पन्नास लाख कूपनलिका आणि एक कागदी पट्टी

या प्रश्नाचे गांभीर्य समजून घेण्यासाठी बांगलादेशाचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे. नदी-तळ्यांच्या पाण्यातून पसरणारे अतिसाराचे रोग टाळण्यासाठी तेथे १९७० च्या दशकापासून हातपंपाच्या कूपनलिकांचा मोठा प्रसार झाला. पुढे बहुसंख्य कूपनलिका लोकांनी स्वतःच्या खर्चाने बसवल्या. १९९३ मध्ये चापाई नवाबगंज भागातील भूजलात आर्सेनिक आढळले. सीमेपलीकडे पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधित रुग्णांचे निदान त्याआधी दहा वर्षे, म्हणजे १९८३ मध्येच झाले होते. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि बांगलादेशाचा सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभाग यांनी १९९८-९९ मध्ये ३,५३४ कूपनलिकांचे नमुने तपासले. त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश नमुन्यांत आर्सेनिकचे प्रमाण दर लिटरला ५० मायक्रोग्रॅम या बांगलादेशी मर्यादेपेक्षा अधिक होते. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा १९९३ पासून १० मायक्रोग्रॅम आहे, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

बांगलादेशातील आर्सेनिकचे एक वैशिष्ट्य असे की, एका अंगणातील कूपनलिका दूषित असते आणि काही पावलांवरची शेजाऱ्याची सुरक्षित असते. त्यामुळे सर्वांत स्वस्त आणि तातडीचा उपाय म्हणजे शेजाऱ्याच्या कूपनलिकेवरून पाणी आणणे. परंतु त्यासाठी प्रत्येक कूपनलिका तपासणे भाग होते. लाखो नमुने प्रयोगशाळेत नेणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून क्षेत्रचाचणी संचांचा आधार घेण्यात आला. शासनाच्या आर्सेनिक निवारण कार्यक्रमात सुमारे ५० लाख कूपनलिका अशा संचांनी तपासल्या गेल्या. मर्यादेपेक्षा अधिक आर्सेनिक आढळल्यास हातपंपाला लाल रंग आणि कमी आढळल्यास हिरवा रंग देण्यात आला.

या संचामागील रसायनशास्त्र जुने आहे. पाण्याच्या नमुन्यात आम्ल व जस्ताची पूड टाकली की हायड्रोजन निर्माण होतो आणि त्याच्याशी संयोग होऊन आर्सेनिक आर्सीन वायूच्या रूपाने बाहेर पडते. बाटलीच्या तोंडाशी मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदी पट्टी असते. वायूच्या संपर्काने ती पिवळसर ते तपकिरी होते. पट्टीचा रंग छापील रंगतक्त्याशी ताडून कार्यकर्ता आकडा लिहितो. रंगतक्त्यावर मोजक्याच पायऱ्या असतात. दोन पायऱ्यांमधला रंग कोणत्या पायरीत घालायचा, हे डोळ्याने ठरते. आर्सीन हा स्वतः विषारी वायू आहे. संचातून तो निसटल्यास कार्यकर्त्याला अपाय होऊ शकतो, याकडे १९९९ मध्ये संशोधकांनी लक्ष वेधले होते. म्हणजे एका कागदी पट्टीच्या रंगावर एका कुटुंबाचे पिण्याचे पाणी आणि ती पट्टी हाताळणाऱ्याचे आरोग्य, अशा दोन्ही गोष्टी अवलंबून होत्या.

दोन शोधनिबंध, दोन निष्कर्ष

या संचांविषयीचे दोन शोधनिबंध ‘एन्व्हायर्नमेंटल सायन्स अँड टेक्नॉलॉजी’ या एकाच नियतकालिकात तीन वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. दोन्ही संशोधक गट संचांच्या उत्पादकांपैकी नव्हते. तरीही त्यांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध वाटतात. म्हणूनच ते शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते.

पहिला निबंध २००२ चा. जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने २९० कूपनलिकांचे पाणी क्षेत्रचाचणी संचांनी आणि विश्वसनीय प्रयोगशाळा पद्धतीने तपासले. दूषित पाणी सुरक्षित ठरण्याचे प्रमाण ६८ टक्क्यांपर्यंत आणि सुरक्षित पाणी दूषित ठरण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. पुढे त्यांनी आधीच रंगविलेल्या कूपनलिकांचे २,८६६ नमुने तपासले. ५० मायक्रोग्रॅमच्या खालच्या टप्प्यात ४४.९ टक्के कूपनलिकांना चुकीचा रंग दिलेला होता. वरच्या टप्प्यात हे प्रमाण बरेच कमी होते. चाचणी घेणारी व्यक्ती बदलल्याचाही परिणाम दिसला. वैज्ञानिक पडताळणी न करताच या पद्धतीवर लाखो डॉलर खर्च होत आहेत, असा आक्षेप घेऊन निबंधाने सुधारित प्रयोगशाळा पद्धतींची मागणी केली.

दुसरा निबंध २००५ चा. कोलंबिया विद्यापीठातील अलेक्झांडर व्हॅन गीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आराईहाजार येथील ७९९ कूपनलिकांसाठी सर्वाधिक वापरातील एका संचाचे निकाल प्रयोगशाळेशी ताडून पाहिले. ५० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेवर ८८ टक्के कूपनलिकांची वर्गवारी बरोबर होती. चुका प्रामुख्याने ५० ते १०० मायक्रोग्रॅम या पट्ट्यात होत्या आणि तेथे संच खरे प्रमाण कमी दाखवीत होता. अभिक्रियेसाठी २० ऐवजी ४० मिनिटे दिल्यास ही चूक टाळता येते, असेही आढळले. लाखो कूपनलिकांची जमा झालेली माहिती, तिच्या मर्यादा लक्षात घेऊनही, अत्यंत उपयुक्त ठरेल, असा या निबंधाचा निष्कर्ष होता.

घाईने वाचणाऱ्यास एक निबंध खोडून दुसरा आला असे वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. ‘६८ टक्क्यांपर्यंत’ हा एका प्रकारच्या चुकीचा सर्वाधिक आकडा आहे, तर ‘८८ टक्के’ हे एका संचाच्या एकूण बरोबर उत्तरांचे प्रमाण आहे. दोहोंचे छेद वेगळे आहेत, म्हणून त्यांची थेट तुलना करता येत नाही. हा मुद्दा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.

समजा, एका गावात १०० कूपनलिका आहेत आणि त्यांपैकी ३० दूषित आहेत. पहिला संच ३० पैकी २७ दूषित कूपनलिका ओळखतो, परंतु ७० सुरक्षित कूपनलिकांपैकी १४ चुकून दूषित ठरवतो. त्याची बरोबर उत्तरे ८३. दुसरा संच ३० पैकी १८ च ओळखतो, परंतु सुरक्षितांपैकी फक्त ५ चुकीच्या ठरवतो. त्याचीही बरोबर उत्तरे ८३. ‘अचूकता ८३ टक्के’ या रकान्यात दोन्ही संच सारखेच. मात्र पहिल्या संचाने ३ विषारी हातपंपांना हिरवा रंग दिला आणि दुसऱ्याने १२. आणखी पुढे जाऊन असेही म्हणता येईल की, काहीही न तपासता सर्व कूपनलिकांना हिरवा रंग देणारा माणूसही या गावात ७० टक्के बरोबर ठरेल. यावरून एकूण अचूकतेचा एकच आकडा देणारा अहवाल किती अपुरा असतो, हे ध्यानात येते.

दोन प्रकारच्या चुकांचा भार सारखा नसतो आणि तो एकाच व्यक्तीवर पडत नाही. हिरवा रंग चुकला तर ते कुटुंब निश्चिंतपणे विष पीत राहते. तपासणी झालीच नसती तर निदान शंका तरी राहिली असती. चुकीची तपासणी शंकाही काढून घेते. लाल रंग चुकला तर घरातील बाईची पाण्यासाठीची पायपीट विनाकारण वाढते आणि शेजाऱ्याच्या दारात रोज उभे राहावे लागते. आराईहाजारच्या ७९९ पैकी १२ टक्के म्हणजे सुमारे ९६ कूपनलिका. त्या चुका मुख्यतः प्रमाण कमी दाखविण्याच्या होत्या. निबंधाच्या दृष्टीने त्या दुरुस्त करता येण्याजोग्या होत्या आणि ते खरेही आहे. परंतु त्या ९६ अंगणांच्या दृष्टीने दुरुस्ती ही हातपंपाचा रंग बदलल्यानंतरच घडणारी गोष्ट आहे.

दोन्ही निबंधांच्या भूमिकांनाही मर्यादा आहेत. पहिला निबंध संचाची तुलना प्रयोगशाळेशी करतो. पण ५० लाख नमुन्यांसाठी प्रयोगशाळा उपलब्ध नसताना खरा पर्याय ‘संच की प्रयोगशाळा’ असा नसून ‘संच की काहीच नाही’ असा असतो, याचा पुरेसा विचार तो करीत नाही. दुसरा निबंध नेमका तो विचार करतो; मात्र एकूण उपयुक्ततेच्या हिशेबात वैयक्तिक चुकीचे दुःख झाकले जाते. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते दुसऱ्या निबंधाचे एक योगदान विशेष मोलाचे आहे. त्याने संच चुकतो एवढे सांगून न थांबता तो कोठे, कोणत्या दिशेने आणि का चुकतो, हे शोधले. २० मिनिटांची ४० मिनिटे करणे हा उपाय त्या शोधातूनच हाती आला. निव्वळ गुणपत्रिका देणाऱ्या चाचणीतून तो हाती आला नसता.

अमेरिकी पडताळणी अहवालांची चिकित्सा

याच सुमारास, २००२-०३ मध्ये, अमेरिकेच्या पडताळणी कार्यक्रमातही अनेक आर्सेनिक संचांची चाचणी झाली. त्यांतील कित्येक संच वर सांगितलेल्याच रासायनिक तत्त्वावर चालणारे होते. या चाचणीचा आराखडा अनेक दृष्टींनी आदर्श होता. प्रशिक्षित तंत्रज्ञाबरोबरच तांत्रिक शिक्षण नसलेल्या व्यक्तीकडूनही संच वापरून घेण्यात आला आणि दोघांच्या उत्तरांतील फरक नोंदविण्यात आला. लोह, सल्फाइड यांसारख्या अडथळा आणणाऱ्या घटकांचे परिणाम तपासले गेले. चुकीच्या उत्तरांचे दोन प्रकार वेगवेगळे मोजले गेले. एवढी शिस्त असूनही तीन आक्षेप उरतात.

पहिला आक्षेप मर्यादेविषयी. अमेरिकेने २००१ मध्ये आर्सेनिकची मर्यादा ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणली आणि ती जानेवारी २००६ पासून बंधनकारक केली. त्यामुळे चाचणीतील चुकांची मोजदाद १० मायक्रोग्रॅमच्या रेषेवर करण्यात आली. अमेरिकेसाठी तेच योग्य होते. परंतु ज्या देशात असे संच लक्षावधी दारांत पोहोचत होते, तेथील निर्णय ५० च्या रेषेवर होत होता. एका रेषेवर संच कसा वागतो यावरून दुसऱ्या रेषेवर तो कसा वागेल, हे सांगता येत नाही. चाचणी स्वतंत्र होती, काटेकोर होती. पण ती दुसऱ्या देशाच्या प्रश्नाचे उत्तर देत होती.

दुसरा आक्षेप व्याख्येविषयी. दूषित नमुना सुरक्षित दाखवणे ही चूक तेव्हाच धरली जाई, जेव्हा संचाचे उत्तर १० किंवा त्याहून कमी असे आणि शिवाय ते संदर्भ मूल्याच्या ७५ टक्क्यांपेक्षाही कमी असे. उलट दिशेच्या चुकीसाठी १२५ टक्क्यांची अट होती. उदाहरणार्थ, पाण्यात प्रत्यक्षात १२ मायक्रोग्रॅम आर्सेनिक असताना संचाने १० दाखवले, तर पाणी मर्यादेत ठरते. तरीही ही ‘चूक’ म्हणून नोंदली जात नाही, कारण १० हे १२ च्या ७५ टक्क्यांहून अधिक आहे. मापनशास्त्राच्या दृष्टीने ही सवलत समर्थनीय आहे. कोणत्याही मापनात थोडी अनिश्चितता असतेच. परंतु हातपंपाला रंग देताना अशी सवलत नसते. रंग लाल असतो किंवा हिरवा असतो. मापनाची चूक आणि निर्णयाची चूक या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि अहवालाने पहिलीला दुसरीचे नाव दिले आहे.

तिसरा आक्षेप कार्यपद्धतीविषयी. पडताळणीत साधन उत्पादकाच्या सूचनापत्रकाप्रमाणे वापरले जाते. उत्पादकावर अन्याय होऊ नये म्हणून हे आवश्यकच आहे. मात्र त्यामुळे सूचनापत्रक हेच सत्य धरले जाते. आराईहाजार येथे दोष निघाला तो नेमका सूचनेतील वेळेत. २० मिनिटे पुरेशी आहेत का, हा प्रश्न सूचना पाळणारी चाचणी विचारू शकत नाही. तो विचारण्यासाठी चाचणी घेणाऱ्याने उत्पादकापासून केवळ आर्थिकदृष्ट्या नव्हे, तर विचारानेही स्वतंत्र असावे लागते.

हवेचे संवेदक आणि तोच प्रश्न

पाण्याबाबत वीस वर्षांपूर्वी जे घडले, त्याची पुनरावृत्ती आज हवेच्या बाबतीत होत आहे. सूक्ष्म धूलिकण मोजणारे कमी किमतीचे संवेदक प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचे प्रमाण अजमावतात. हवेत आर्द्रता वाढली की कण पाणी शोषून फुगतात आणि संवेदक प्रमाण वाढवून सांगतो. दक्षिण कॅलिफोर्नियातील वायू गुणवत्ता व्यवस्थापन जिल्ह्याने २०१४ मध्ये अशा संवेदकांच्या चाचणीसाठी केंद्र स्थापन केले. तेथे प्रत्येक प्रकारचे तीन संवेदक आधी संदर्भ यंत्राशेजारी उघड्यावर आणि नंतर नियंत्रित कक्षात तपासले जातात व निकाल सर्वांसाठी खुले ठेवले जातात. सार्वजनिक संस्थेने स्वतः पुढाकार घेतल्याने येथे वापरणाऱ्याचे हित केंद्रस्थानी आले, ही प्रगतीच म्हटली पाहिजे.

परंतु येथेही आकड्याची निवड दिशाभूल करू शकते. संवेदक आणि संदर्भ यंत्र यांचे आकडे एकाच वेळी वर जातात व एकाच वेळी खाली येतात, एवढेच सहसंबंधांक सांगतो. दोघांचे आकडे सारखे आहेत, असे तो सांगत नाही. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे पर्पलएअर संवेदक देशाच्या बहुतेक भागांत सूक्ष्म कणांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक दाखवतात, असे २०२१ मध्ये तेथील शासकीय संशोधकांनी प्रसिद्ध केले आणि आर्द्रता लक्षात घेणारे दुरुस्तीसूत्र दिले. साधनाला बाद न करता त्याच्या चुकीची दिशा व कारण शोधण्याचा हा मार्ग आराईहाजारच्या मार्गासारखाच आहे.

महाराष्ट्रातही असा प्रयोग झाला. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, कानपूर यांच्या सहभागाने नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई महानगर प्रदेशातील १५ ठिकाणी देशी बनावटीचे ४० संवेदक शासकीय संदर्भ यंत्रांशेजारी ठेवून तपासले गेले. संवेदकांची चाचणी ते जेथे वापरायचे त्याच हवेत घ्यावी, हे तत्त्व त्यात पाळले गेले, ही समाधानाची बाब आहे. मात्र या सात महिन्यांत मुंबईचा पावसाळा येत नाही. हिवाळ्यात प्रदूषण अधिक असल्याने हा काळ निवडणे सयुक्तिक आहे. परंतु ज्या घटकामुळे संवेदक चुकतो, तो आर्द्रतेचा घटक ज्या महिन्यांत शिगेला पोहोचतो, ते महिने चाचणीबाहेर राहिले, हे निकाल वाचताना विसरता येणार नाही. २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला हवा व उत्सर्जन मापन यंत्रांच्या प्रमाणीकरणाची जबाबदारी दिली आहे. त्या व्यवस्थेपुढेही ऋतूंचा हा प्रश्न आहेच.

आपल्या गावातील संच

हा विषय दूरचा वाटू नये म्हणून एक अनुभव नमूद करतो. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात विद्यार्थ्यांनी एका गावातील हातपंपांचे पाणी फ्लोराईड मोजण्याच्या रंगसंचाने तपासले. एकाच नळीतील रंग पाहून एका विद्यार्थिनीने १.० लिहिले आणि दुसऱ्याने १.५. एक सावलीत उभी होती, दुसरा उन्हात. भारतीय मानकानुसार १.० ही स्वीकारार्ह मर्यादा आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ ही अनुज्ञेय मर्यादा. म्हणजे त्या दोघांच्या उभे राहण्याच्या जागेवर त्या हातपंपाची वर्गवारी ठरत होती. शेजारी घागर घेऊन उभ्या असलेल्या आजींनी विचारले, “मग प्यायचं का न्हाई, तेवढं सांगा.” त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्हांपैकी कोणालाही छातीठोकपणे देता आले नाही.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलातील फ्लोराईड ही जुनी समस्या आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच व्यक्तींना, प्राधान्याने महिलांना, क्षेत्रचाचणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पाणी भरणाऱ्या हातांत तपासणीचे साधन देणारी ही कल्पना स्वागतार्ह आहे. म्हणूनच त्या संचांची स्वतंत्र चाचणीही त्याच हातांनी, त्याच उन्हात, त्याच पाण्यावर आणि त्याच मर्यादेच्या आसपास झाली पाहिजे. वातानुकूलित प्रयोगशाळेत तंत्रज्ञाने मिळवलेली अचूकता ही त्या महिलेची अचूकता नव्हे.

निष्कर्ष

१. मापन साधनाची चाचणी उत्पादकापासून स्वतंत्र असणे ही पहिली अट आहे, शेवटची नव्हे.

२. चाचणीचा अहवाल एकूण अचूकतेच्या एका आकड्यावर थांबू नये. दूषित ते सुरक्षित ठरणे आणि सुरक्षित ते दूषित ठरणे या चुका स्वतंत्रपणे आणि मर्यादेच्या लगतच्या पट्ट्यासाठी वेगळ्या द्याव्यात.

३. ज्या मर्यादेवर वापरणारा निर्णय घेणार आहे, त्याच मर्यादेवर चाचणी व्हावी. परदेशी अहवाल स्थानिक चाचणीला पर्याय ठरत नाही.

४. सूचनापत्रक पाळून एक आणि ते बाजूला ठेवून एक, अशा दोन चाचण्या असाव्यात. पहिल्या चाचणीतून दावा तपासला जातो. साधन सुधारण्याची वाट दुसरीतून सापडते.

५. चाचणी व्यापक वापरापूर्वी व्हावी आणि वापर सुरू असताना ठराविक नमुन्यांची फेरतपासणी चालू राहावी. बांगलादेशात लाखो हातपंप रंगवून झाल्यावर संचांविषयी वाद सुरू झाला, हा क्रमच उलटा होता.

समारोप

ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९९२ मध्ये बांगलादेशातील भूजलाचा एक अहवाल तयार केला होता. त्यात अनेक घटक मोजले गेले. आर्सेनिक मोजले गेले नव्हते. पुढे आर्सेनिकबाधित ग्रामस्थांच्या वतीने ब्रिटनमध्ये दावा दाखल झाला. २००६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, तो फेटाळला. अहवाल तयार करणाऱ्यांचे त्या पाण्याच्या पुरवठ्यावर नियंत्रण नव्हते आणि ते पाणी पिणाऱ्यांशी त्यांचे असे नाते नव्हते की त्यांच्यावर काळजीचे कायदेशीर कर्तव्य यावे, असा त्या निर्णयाचा आशय होता. कायद्याच्या चौकटीत हे उत्तर बरोबर असेल. परंतु पर्यावरणमापनाच्या अभ्यासकाने त्यातून वेगळा बोध घेतला पाहिजे. अहवाल ज्याच्यासाठी लिहिला जातो, त्याच्याच प्रश्नाचे उत्तर तो देतो; पाणी पिणारा त्या अहवालाचा वाचक नसेल, तर त्याचा प्रश्न त्यात येत नाही.

स्वतंत्र पडताळणीचे खरे स्वातंत्र्य येथे आहे. साधन विकणाऱ्याने ठरविलेला प्रश्न बाजूला ठेवून, घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न तिने आपला मानला पाहिजे. आकडे, आलेख आणि सहसंबंधांक यांची गरज आहेच. मात्र अहवालाचे शेवटचे पान वाचून झाल्यावर त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर देता येते का आणि ते किती वेळा चुकेल हे सांगता येते का, हीच त्या अहवालाची कसोटी मानावी लागेल.